शहाळ्याच्या मापाचा गळा

शहाळ्याला फ्रॉक घालून पाहणाऱ्या बाईला तुम्ही वेडी म्हणाल का? आमच्या वारज्यातल्या सोसायटीत बहुतेक जण म्हणतात. मी म्हणतो, अख्ख्या पुण्यात लहान मुलांच्या बाजूनं उभी राहिलेली ही एकटी बाई आहे. ज्याला तक्रार करता येत नाही, त्याच्या अंगावर काहीही खपवावं, हा बाजाराचा नियम. तो मोडायचा, हा कुमुदमावशींचा.

मावशी माझ्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलांचे कपडे शिवून विकू पाहणाऱ्या बायकांना फुकट शिकवतात. कोपऱ्यावरचा शहाळेवाला त्यांना पाहून कोयता खाली ठेवतो, कारण मावशी पाण्याची चौकशी करत नाहीत. पिशवीतून टेप काढून घेर मोजतात. दोन वर्षांच्या पोराच्या डोक्याएवढं शहाळं मिळालं की ते मशीनशेजारी येऊन बसतं आणि शिकाऊ बाईचा प्रत्येक फ्रॉक त्याच्यावरून उतरावा लागतो.

"मूल कपड्यात डोक्यानं शिरतं," हा पहिला धडा. नवशिक्या बायका ब्लाउज बारीक करावा तसा फ्रॉक बेततात आणि गळा मानेच्या मापाचा ठेवतात. पोराची मान काडीएवढी, डोकं भोपळ्याएवढं. नव्यानं शिकायला आलेल्या सुवर्णाचा पहिला फ्रॉक शहाळ्याच्या टाळूवरच अडकला.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "छान झालीय. टोपी म्हणून वीक."

सुवर्णाला हसू आलं नाही. कर्वेनगरच्या प्रदर्शनात तिचे कपडे खपले नाहीत तर मशीन विकायचं, असं घरी ठरलं होतं. सासूबाईंना त्या कोपऱ्यात फ्रीज हवा होता.

तरी मावशींनी तिला कात्री लावू दिली नाही. आधी कापड धू. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात आक्रसतं, आणि त्याबरोबर गिऱ्हाईकही. शिवणीची कच्ची कड आत बंद कर, बाहेर राहिली की टोचते. खाली भरपूर दुमड ठेव, पोर वाढणार आहे, फ्रॉक नाही. आणि बटण दातांनी ओढून बघ, कारण पोरही तसंच ओढणार आहे. टिकल्या, जाळी, कडक लेस यांचं नावही काढायचं नाही.

मी स्टॉलसाठी लाल अक्षरांत फलक रंगवला: 'बालकांच्या त्वचेवरील अन्याय थांबवा'. मावशींनी तो चष्मा लावून वाचला. मला म्हणाल्या, अरे क्रांतिकारका, गिऱ्हाईक पळेल. 'धुऊन शिवलेले कपडे' एवढंच लिही. मी धुमसत लिहिलं.

प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर चमचमते जाळीचे फ्रॉक आणि ही गर्दी. आमचे चौकड्यांचे फ्रॉक धुऊन निस्तेज झालेले. दुपारपर्यंत कुणी हात लावला नाही. सुवर्णा त्याच फ्रॉकच्या घड्या मोडून पुन्हा घालत राहिली.

मग शेजारी एका चिमुरडीला जाळीचा फ्रॉक घालून पाहिला. तिनं मान खाजवत भोकाड पसरलं. आई तो काढायला गेली, तर गळा कानांशी अडकला. मावशी मधे घुसल्या, पोरीला सोडवलं आणि विचारायच्या आत सुवर्णाचा फ्रॉक चढवला. रडं थांबलं. पोर खाली बसली, उठली आणि धावत सुटली. आईनं तो उतरवायचा प्रयत्न केला, तेव्हा तिनं दोन्ही मुठींत घेर घट्ट धरला.

हे सगळ्या आया बघत होत्या. पुणेकर आईला भाषण पटत नाही, पण पुरावा पटतो. संध्याकाळी आमच्या टेबलावर फक्त टेबलक्लॉथ उरला होता. सुवर्णानं तिथूनच सासूबाईंना फोन लावला.

"आई, फ्रीज दुसरीकडे ठेवा."

आमचा जल्लोष चालू असताना मावशी दिसेनात. त्या मंडपाच्या कडेला उभ्या होत्या. मघाच्या चिमुरडीची आई अजून खरेदीतच होती आणि ती पोर मावशींच्या खांद्यावर झोपली होती. चहाला बोलवायला गेलो, तर त्यांनी मानेनंच थांबवलं.

"थांब जरा," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याकडे कुठे येतात पोरं?"

म्हणून सांगतो. तुमच्या घरी रांगतं, धावतं पोर असेल तर एखाद्या दुपारी त्याला वारज्याला आणा. माप द्यायला आलोय म्हणा. मावशी म्हणतील, फार लवकर सुचलं. ते ऐकून घ्या, पोर त्यांच्या मांडीवर द्या आणि चहा संपला तरी लगेच परत मागू नका.