दाखला देण्यात येतो की

इशिताला त्या मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तर जगन्नाथच्या पदरात काय पडणार होतं? गाडीच्या मागच्या काचेवर एक स्टिकर. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणात "आमच्या इशिताच्या युनिव्हर्सिटीत..." अशी वाक्यं सुरू करण्याचा चार वर्षांचा हक्क. आणि मंडळातल्या राजेशचं तोंड बंद. या तिसऱ्या कलमासाठी त्याने पहिली दोन आनंदाने सोडली असती. राजेशचा शंतनू दोन वर्षांपूर्वी तिथे लागला होता आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या या अख्ख्या श्रूजबरी गावात राजेश न मागता सल्ले वाटत होता.

"सुप्रीम कोर्टाने तेवीस साली निकाल दिला ना, यार," राजेश दिवाळीच्या फराळाला बसून सांगत होता. "आता कॉलेजला नुसता वंश बघून अ‍ॅडमिशन देता येत नाही. पण वंशामुळे पोरावर काय बेतलं आणि त्यातून ते काय शिकलं, हे निबंधात लिहिता येतं. ते वाचतात. इशितावर काय बेतलंय?"

जगन्नाथने मुलीकडे पाहिलं. इशिता चकली खात होती. तिच्यावर काहीही बेतल्याची खूण चेहऱ्यावर नव्हती.

पाहुणे गेल्यावर त्याने चौकशी मांडली. "शाळेत डब्यावरून कुणी चिडवलं?"

"नो. दे ऑल वॉन्टेड माय थेपला."

"नावावरून?"

"बाबा, देअर आर फोर इशिताज इन माय ग्रेड."

"अगं, काहीतरी आठव! एवढी बारा वर्षं शाळेत काय केलंस?"

बऱ्याच खोदकामानंतर एक गोष्ट निघाली. चौथीत असताना शेजारच्या मर्फीआजोबांनी विचारलं होतं, तू कुठली? ती म्हणाली, इथली. त्यांनी पुन्हा विचारलं, नाही, खरी कुठली? ती म्हणाली, "नेक्स्ट डोअर." मग त्यांनी तिला कुकी दिली.

"कुकीचं लिहायचं नाही," जगन्नाथ म्हणाला.

"आय अ‍ॅम नॉट रायटिंग एनी ऑफ इट. मी सायकल रिपेअरवर लिहितेय."

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण जगन्नाथ चंद्रपूरचा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, दाखला खरा असल्याचा दाखला, असं सगळं पार करून तो इंजिनिअर झाला होता. कागद नाही ती गोष्ट घडलीच नाही, ही त्याची श्रद्धा. इशिताचं मन नंतर वळवता येईल. आधी पुरावा हवा.

"निबंधाची पडताळणी कोण करतं रे?" त्याची बायको सुनेत्रा म्हणाली. "अख्ख्या अमेरिकेत कुणी मागितलाय दाखला?"

"मागितल्यावर धावपळ नको," जगन्नाथ म्हणाला आणि टाइप करायला बसला.

शनिवारी सकाळी तो चकल्यांचा डबा आणि एक कागद घेऊन मर्फींच्या दारात उभा राहिला. मर्फी निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं त्यांनी न वाचता पोचवली होती. हे त्यांनी वाचलं. इंग्रजीत होतं, पण वळण थेट तहसील कचेरीचं: दाखला देण्यात येतो की, मी, खाली सही करणार, कुमारी इशिता हिला वंशावरून खालीलप्रमाणे दुखावले आहे.

मर्फी पायरीवरच बसले. "जग," ते म्हणाले. ते त्याला जगच म्हणत. "मी दुखावलं तिला?"

"नाही, नाही! वाईट वाटून घेऊ नका. फक्त सही करा. नोटरी मी बघतो."

"आठ वर्षं ते लेकरू हे मनात घेऊन बसलं?"

"तसं काही नाही हो. चकली घ्या ना."

मर्फींनी चकली घेतली नाही. सहीही केली नाही. रविवारी ते कोट घालून, सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, म्हणजे ॲपल पाय, घेऊन दारात आले आणि इशिताची रीतसर माफी मागितली. इशिताला कसली ते कळेना. कळल्यावर तिने बापाकडे असं पाहिलं, की तो गाडी धुवायला बाहेर गेला. बाहेर चार अंश तापमान होतं.

मर्फी मनाने सरळ. त्यांनी चर्चमध्येही कबुली दिली. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या ईमेल यादीवर विषय पोचला आणि सोमवारपासून लोक यायला लागले. जो येई तो एक पाय घेऊन येई. आठवड्यात अकरा झाले.

"फ्रीजमध्ये पाय ठेवायला जागा नाही," सुनेत्रा म्हणाली. "अजून कुणाकडून दाखले आणायचेत का?"

समोरच्या बाईंनी पोह्यांची रेसिपी लिहून नेली. कोपऱ्यावरच्या माणसाने पहिल्या बर्फाला जगन्नाथचा ड्राइव्हवे न सांगता साफ केला. मर्फी रोज सकाळी कुत्रा फिरवताना "इ-शि-ता, इ-शि-ता" असा उच्चार घोकत जायचे. त्यांचा नातू ब्रेंडन, इशिताच्याच वर्गातला, मागून सगळं पाहत चालायचा.

"बाबा, कॉन्ग्रॅच्युलेशन्स," इशिता म्हणाली. "आय हॅव झीरो अ‍ॅडव्हर्सिटी लेफ्ट."

तिने सायकलींवर लिहिलं. मार्चअखेर मोठ्या विद्यापीठाने नकार कळवला. राज्याच्या विद्यापीठाने बोलावलं, तिथल्या सायकल क्लबासकट, आणि ती घरभर नाचली. जगन्नाथही नाचला असता, पण तेवढ्यात दारावर टकटक झाली.

मर्फी होते. डोळे भरलेले. "जग, ब्रेंडनला अ‍ॅडमिशन मिळाली! त्याच मोठ्या ठिकाणी! निबंध कशावर लिहिला माहितेय? ज्या चुकीची आठवणही नव्हती, तिची माफी मागताना आजोबांना पाहून काय शिकलो, त्यावर. सगळं तुझ्यामुळे."

"अरे वा," जगन्नाथ म्हणाला. आवाज त्याचा होता, पण लांबून आल्यासारखा.

"एकच अडचण आहे. एका संस्थेची स्कॉलरशिपही मिळतेय, पण त्यांना निबंधातली घटना खरी असल्याचं पत्र हवंय. नोटरी केलेलं. मला कुठे येतंय असलं लिहायला?"

जगन्नाथने वळून सुनेत्राकडे पाहिलं. पडताळणी! शेवटी मागितलीच! बरोबर ठरल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर चमकला, आणि मग कुणासाठी बरोबर ठरलो ते लक्षात येऊन विझला.

"मसुदा तयारच आहे," सुनेत्रा गोड हसून म्हणाली. "नावं तेवढी बदल."

हिशेब असा झाला: मर्फींची एक माफी गेली, नातवाचा प्रवेश आला. गल्लीचे अकरा पाय गेले, पोह्यांची रेसिपी आली. इशिताचं काहीच गेलं नाही. राजेश आता ब्रेंडनलाही सल्ले देतो. दाखल्यावर सही जगन्नाथची आहे, आणि नोटरीचे दहा डॉलरही त्यानेच भरले.