एजंटसाहेब आज फक्त बसून आले

झांबरे सर आमच्याकडे आले की अर्धा तास काहीच बोलत नाहीत. खुर्चीत ताठ बसतात, दिलेला चहा पितात, पंख्याकडे बघतात आणि ‘बरंय, येतो’ म्हणून निघून जातात. नवखा माणूस घाबरतो. एकदा दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि म्हणाले, “काल तुमची गच्चीवरची टाकी ओसंडून वाहत होती.”

“अहो, मग कालच सांगायचं ना!”

“काल पहिली बैठक होती. पहिल्या बैठकीत कामाचं बोलायचं नसतं.”

हे शास्त्र त्यांनी अमेरिकेतून आणलं. म्हणजे स्वतः ते नाशिकच्या पुढे गेलेले नाहीत. पण आयुष्यभर त्यांनी कॉलेजात इतिहास शिकवला आणि त्या अख्ख्या इतिहासातून त्यांना एकच माणूस आवडला. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली तेव्हा तिथल्या सरकारनं क्रीक नावाच्या मूळच्या रहिवाशांकडे एक एजंट पाठवला होता. हा गडी त्यांच्यातच राहायला गेला. त्यांच्या चौकात बसला, त्यांचं ते काळं कडू पेय प्याला, नांगर दिले, चरखे दिले. भांडण झालं की दोन्हीकडच्यांना थोपवून धरायचा.

मी सरांची विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर, दोन वेण्या, आणि वर्गातसुद्धा डोळ्यांवर गॉगल! आपण नटीसारख्या दिसतो अशी माझी खात्री होती. फळ्यावरचं काही दिसायचं नाही, पण गॉगल उतरवला तर रावेर तालुका हळहळेल असं वाटायचं. तर या हुशार मुलीनं उठून विचारलं, “सर, हा एजंट नुसता बसूनच राहतो. बंदूक कधी काढतो?”

“बस खाली,” सर म्हणाले. “बसणं हाच धडा आहे.”

आता माझी नातवंडं कॉलेजात आहेत आणि सर आमच्याच कॉलनीत, दोन घरं सोडून, एकटे राहतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली.

यंदा थंडीत कॉलनीमागच्या मोकळ्या जागेवर सातपुड्यातून पावरा आदिवासींची कुटुंबं उतरली. केळीच्या कापणीला, मग हरभऱ्याला. ताडपत्रीची पालं, चुली, कोंबड्या. पाण्याला बाया आमच्या मंदिरामागच्या नळावर येत. लगेच कमिटी बसली. अध्यक्ष महाजनभाऊ म्हणाले, “नळाला कुलूप लावा. पाणी बंद झालं म्हणजे आपसूक उठतील.” कोणीतरी म्हणालं, आधी गोडीनं सांगून बघू. सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या.

“सर, तुमचा तो अमेरिकेचा एजंट. तसं जाऊन सांगा ना, जागा सोडा म्हणून.”

सरांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. जन्मभर ज्या नोकरीची वाट बघितली तिची ऑर्डर हातात पडली होती! दुसऱ्या दिवशी ते कोट घालून माझ्या दारात.

“चल. क्रीक लोकांत घर आणि शेत बायांचं असतं. बाईमाणूस बरोबर हवं.”

“सर, हे पावरा आहेत.”

“तू चल गं!”

गूळ-शेंगदाण्याची पिशवी घेऊन आम्ही गेलो. सर एका दगडावर बसले. गप्प. पुरुष जमिनीकडे बघत होते, मी कोंबड्यांकडे. शेवटी झमकीबाई नावाच्या म्हातारीनं चहा आणला. बिनदुधाचा, गुळाचा, काळाकुट्ट. सर माझ्या कानाशी लागले, “काळं पेय!” आणि डोळे मिटून असे प्याले की तह झालाच.

परतलो तर कमिटी फाटकात उभी. “मंग काय ठरलं सर?”

“आज फक्त बसलो.”

दुसऱ्या खेपेला काय ठरलं? तर झमकीबाईनं विचारलं, तुला लेकरं किती? सर म्हणाले, नाहीत. ती म्हणाली, मग जेवून जा. तिसऱ्या खेपेला सर मक्याची भाकरी फडक्यात बांधून घेऊनच आले. महाजनभाऊंचा तोल सुटला.

“सर, एक सांगा. तुम्ही आपल्याकून आहात का त्यांच्याकून?”

सर भाकरीचं फडकं सावरत घरी गेले. संध्याकाळी ओट्यावर येऊन मला म्हणाले, “तुला वर्गात एक सांगायचं राहिलं. त्या एजंटनं त्यांच्या मुलखातून सरकारला एक रस्ता मागून दिला. त्याचा शब्द म्हणून त्यांनी दिला. रस्त्यावरून गाड्या आल्या, गाड्यांतून माणसं आली, आणि शेवटी जमीन गेली. माणूस वाईट नव्हता गं. चांगला होता म्हणूनच तर त्याला पाठवलं होतं.”

मग म्हणाले, “मलाही तसंच पाठवलंय.”

कमिटीनं वाट बघणं सोडलं होतं; दुसऱ्या दिवशी नळाला कुलूप लागणार होतं. सर सकाळीच कोट घालून निघाले, पण पालांकडे नाही. सरळ महाजनभाऊंच्या स्वयंपाकघरात. भाऊ दाढी अर्धी टाकून धावत आले. “सर, हॉलमधी बसा ना!” सर पाटावरून हलले नाहीत. वहिनी पोळ्या लाटत होत्या. सरांनी पहिल्यांदाच पहिल्या बैठकीत कामाचं बोलायला तोंड उघडलं.

“वहिनी, दुपारी त्या नळावर कोण असतं?”

“कुत्रं नसतं.”

“मग दुपारी त्या बायांनी पाणी भरलं तर?”

वहिनींनी लाटणं खाली ठेवलं आणि भाऊंकडे पाहिलं. “भरू दे की! काबरं लावता कुलूप? माझ्या पाहुण्यांच्या लग्नात तुम्हाला पाणी कमी पडलं व्हतं तेव्हा कोणी दिलं, इसरले?” कोणतं लग्न, कोणते पाहुणे, देव जाणे. भाऊ उरलेली दाढी करायला निघून गेले. कुलूप दुकानात परत गेलं.

हरभरा निघाला, होळी जवळ आली. होळीला पावरा माणूस जगात कुठंही असो, आपल्या पाड्यावर जाणारच. एका सकाळी पालं उतरली आणि पिकअप गाडीत सामान चढू लागलं. कमिटीला वाटलं, सरांनी अखेर हलवलंच! “मानलं सर तुम्हाले!” करत महाजनभाऊ हार आणायला पळाले.

आणि सर माझ्या दारात. नवा पांढरा शर्ट, घडीच्या रेषा तशाच दिसत होत्या. हातात पिशवी.

“बरा दिसतो का?”

“कुठं निघालात?”

“होळीला. झमकीबाई म्हणाली, चल.” मग कॉलर नीट करत, जरा खालच्या आवाजात, “ही गेल्यापासून सणाला कोणी चल म्हटलं नव्हतं.”

आम्हा प्रत्येकाला वाटायचं, सर सणाला दुसऱ्या कोणाकडे जात असतील. अख्ख्या कॉलनीला वाटायचं.

मी त्यांच्याबरोबर मागच्या जागेवर गेले. महाजनभाऊ धापा टाकत हार घेऊन आले, तोवर सर गाडीत गाठोड्यांच्या आणि कोंबड्यांच्या मधोमध जाऊन बसले होते. भाऊंनी फाळक्यावरून वाकून हार घातला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. झमकीबाईनं आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि सरांसाठी जागा केली.

“पाय पसर,” ती म्हणाली. “लांब जायचं आहे.”

सरांनी पाय पसरले. मी ‘लवकर या’ म्हणणार होते, पण म्हटलं नाही.