हिरवा, गुलाबी वगैरे

घरी बनवलेल्या फेसक्रीमच्या खोक्यांसाठी शर्मिष्ठाने चार रंग ठरवले होते. कडुनिंबाला हिरवा, गुलाबाला गुलाबी, लॅव्हेंडरला जांभळा आणि हळदीला पिवळा. रविवारी मुलुंडच्या प्रदर्शनात तिचा पहिलाच स्टॉल होता. बुधवारी अंधेरीच्या प्रेसमधून नमुने बघून जायला फोन आला, तेव्हा तिचं क्रीमचं पातेलं गॅसवर होतं. तिने नवऱ्याला पाठवलं.

"फक्त रंग बघायचे. स्वतःचं डोकं लावू नकोस."

सुयोगने ते लावलं नाही. प्रेसचे मालक निमेशभाई यांनी चार नमुने टेबलावर मांडले. दोघांनी ते खिडकीपाशी नेऊन पाहिले, मग ट्यूबलाइटखाली पाहिले.

"हिरवा झकास आलाय," सुयोग म्हणाला.

"मी स्वतः शाई मिक्स केली, साहेब. आमचा मशीनवाला सहदेव गावी गेलाय ना."

इतकं एकमत सुयोगने लग्नानंतर कोणाशी अनुभवलं नव्हतं. त्याने सही केली.

शुक्रवारी खोकी आली. शर्मिष्ठाने गठ्ठे फोडले आणि ती खालीच बसली. कडुनिंब तपकिरी होता. गुलाब राखाडी. लॅव्हेंडर निळा. हळद तेवढी हळदीसारखी होती.

"हा कुठला रंग?" तिने तपकिरी खोकं त्याच्या नाकासमोर धरलं.

"हिरवा."

"आणि आपले पडदे?"

"तेही हिरवे. मॅचिंगच आहेत की."

पडदे चॉकलेटी होते. शर्मिष्ठाचा राग जरा थबकला.

"सुयोग, लग्नात माझा शालू कुठल्या रंगाचा होता?"

"चांगला होता गं," तो म्हणाला.

शाळेत झाडांची पानं लाल रंगवली म्हणून त्याने मार खाल्ला होता. आपली चित्रकला वाईट आहे, एवढाच अर्थ त्याने त्यातून काढला होता. अकरा वर्षं आपल्या साड्यांचं कौतुक नेमकं कशाच्या जोरावर चाललं होतं, हे विचारायला शर्मिष्ठाला सवड नव्हती. शनिवारी सकाळीच तिने त्याला घेऊन प्रेस गाठली.

"याला रंग कळत नाहीत, मान्य. तुम्हाला तर कळतात ना? हा हिरवा आहे?"

निमेशभाईंनी खोकं उलटसुलट पाहिलं. मग उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"नाहीये का?" त्यांनी हळूच विचारलं.

बावीस वर्षं प्रेसमधले रंग सहदेवच बघत आला होता. "कोणाला बोलू नका, मॅडम. धंद्याचा सवाल आहे."

सुयोगने खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही सिग्नल कसा ओळखता?"

"वरचा पेटला की थांबायचं. तुम्ही?"

"पुढची गाडी हलली की निघतो."

दोघांच्या गप्पा रंगल्या. शर्मिष्ठाने ओढणी कमरेला खोचली, शाईचे डबे स्वतः उघडले आणि निमेशभाईंना मशीनवर उभं केलं. दुपारभर ती रंग सांगत होती, ते छापत होते. संध्याकाळी कडुनिंब हिरवा आणि गुलाब गुलाबी होऊन टेम्पोत चढला.

ती निघणार तेवढ्यात निमेशभाईंनी कोपऱ्यातल्या उंच थप्पीवरून एक लग्नपत्रिका उचलून आणली.

"मॅडम, जाता जाता एवढं सांगा. ही लालच आहे ना?"

शर्मिष्ठाने पत्रिकेकडे पाहिलं. मग थप्पीकडे पाहिलं.

"लग्न कधी आहे?" तिने विचारलं.