आखाडेकरांचा लोकरी आखाडा

आखाडेकरांनी ठरवलं म्हणजे ठरवलं. आणि या खेपेला त्यांनी ठरवलं होतं की लोकरीचा शेवटचा तुकडा आपण स्वतः विणायचा, आणि तोही बायकोच्या वरताण! त्यात काय एवढं? सुया, गुंडा आणि डोकं, एवढंच तर लागतं. सुया आणि गुंडा घरात होते, आणि डोक्याबद्दल आखाडेकरांना आजवर कधी शंका आलेली नव्हती.

आखाडेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात ते कामाला होते. तिथं तयार होत असलेल्या गेममध्ये दोन पात्रं एकमेकांना ठोसे-लाथा हाणत आखाड्याबाहेर ढकलायची. जो खाली पडला तो हरला. पात्रं दुसरे लोक बनवायचे. ती ज्यावर उभी राहून भांडायची तो आखाडा हे बनवायचे, म्हणून आखाडेकर. कौतुक व्हायचं ते पात्रांचं. पायाखालच्या जमिनीला कोण विचारतो, हे दुःख त्यांनी बरीच वर्षं गिळलं होतं.

पण हस्तकलेचा आखाडा मात्र पहिल्यापासून त्यांच्या डोक्यातून निघालेला. सुरुवातीला नुसतं पुठ्ठ्याचं खोकं. मारामारी रंगात आली की खोक्याच्या भिंती पडायच्या, आतून कागदाच्या घड्या उलगडून डोंगर व्हायचा, डोंगराला बटणांच्या पायऱ्या फुटायच्या, आणि मग सगळं जाऊन उरायचा लोकरीचा झुलता पूल. ऑफिसच्या मालकांना सगळे दादा म्हणत. दादांची अट एकच, जे हातात तेच पडद्यावर. म्हणजे प्रत्येक वस्तू आधी खरीखुरी बनवायची, चहूबाजूंनी तिचे फोटो काढायचे, लोकर असेल तर टाका न् टाका कॉम्प्युटरात भरायचा. मग खरी वस्तू जशी वाकते, ताणली जाते, फाटते, तशीच ती पडद्यावर वागणार.

पुठ्ठा-कागद आखाडेकरांनी निभावलं. लोकरीची वेळ आली तेव्हा मोठ्या मनानं त्यांनी बायकोला सांगितलं, बसल्या बसल्या एक पूल विणून दे. इथंच सगळा घोळ झाला.

पूल ऑफिसात या हातातून त्या हातात फिरला. दादांनी तर तो गालाला लावून पाहिला. पडद्यावर झुलायला लागला तेव्हा पलीकडच्या खोलीतली मंडळी खुर्च्या ओढत बघायला आली. पुठ्ठ्याच्या खोक्याकडे यातल्या एकानंही कधी ढुंकून पाहिलं नव्हतं! मग वहिनींना चहाला बोलावणं आलं, मग मीटिंगला. बटणांचा रंग कोणता घ्यावा, हेसुद्धा लोक आखाडेकरांच्या देखत वहिनींना विचारू लागले. घरी जेवताना बायको सहज म्हणायची, आज दादांचा फोन होता, आणि आखाडेकरांचा घास घशात अडकायचा. ती पाठीवर थोपटायची. त्यानं तर आणखीच ठसका लागायचा.

एके दिवशी दादा बोलण्याच्या ओघात "वहिनींचा आखाडा" असं म्हणून गेले, आणि आखाडेकरांचा तिळपापड झाला. चारचौघांत ते हसले. मग जिन्यात जाऊन पायरीला एक सणसणीत लाथ घातली आणि दिवसभर लंगडत फिरले.

आता एकच तुकडा उरला होता. सगळ्यांत शेवटची लोकरी गच्ची, जिच्यावर लढतीचा निकाल लागणार. वहिनींकडून आणा, असं दादांनी सांगितलं. आखाडेकर "हो" म्हणाले आणि बायकोला त्यातलं अक्षरही कळू दिलं नाही. त्यांचा बेत पक्का होता. सगळे आपले वहिनींचीच समजतील, टाळ्या वाजवतील, आणि ऐन टाळ्यांत आपण उठून सांगायचं, ही गच्ची मी विणली. हे वाक्य त्यांनी दाढी करताना आरशासमोर घोटून घेतलं होतं.

विणकाम चालायचं ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत, जेवणाच्या सुट्टीत. मोबाइल स्टिअरिंगला टेकवलेला, त्यावर विणकाम शिकवणारा व्हिडिओ, आणि मांडीवर लोकर. पार्किंगच्या रखवालदारानं काचेवर टकटक करून, साहेब बरं वाटत नाहीये का, अशी चौकशीही केली. पण आखाडेकर चिकाटीचे. उलटा टाका जमला, सुलटा जमला, गच्ची वाढत गेली. फक्त त्यांना एक खोड होती. कुठलाही व्हिडिओ ते शेवटपर्यंत बघायचे नाहीत. समजलं की पुढं काय बघायचं? गच्ची पुरेशी लांब झाली तशी त्यांनी सुई ओढून काढली, लोंबणारं टोक कडेखाली खोचलं आणि तुकडा फळीवर टाचण्या मारून फोटोला दिला. टाका न् टाका कॉम्प्युटरात गेला. त्या टोकासकट.

गेम बाजारात आणायचा की नाही हे ठरवणाऱ्या कंपनीच्या बाई बघायला आल्या, त्या दिवशी दादांनी वहिनींनाही बोलावलं. वहिनींना पहिल्या रांगेत सोफा. आखाडेकरांना दाराशी स्टूल.

बाईंनी खेळायला कापसाचं अस्वल घेतलं, दादांनी चिंध्यांचं मांजर. खोकं पडलं, डोंगर उलगडला, पूल झुलला, आणि पूल झुलताच बाईंनी कौतुकानं वहिनींकडे पाहिलं. आखाडेकरांनी दात आवळले. मग गच्ची आली. लोक खरंच टाळ्या वाजवू लागले. पहिल्या रांगेतली बायको मात्र पुढं वाकली, डोळे बारीक केले आणि मान वळवून थेट दाराकडे बघू लागली. आखाडेकर स्टुलावरून अर्धे उठले.

तेवढ्यात मांजरानं अस्वलाला लाथ घातली. अस्वल कडेवरून घसरलं आणि पडता पडता हाताला लागेल ते त्यानं धरलं. हाताला लागलं ते टोक.

सर्रर्रर्र!

एक ओळ गेली, दुसरी गेली. अस्वल खाली लोंबकळतंय आणि वरची गच्ची ओळीओळीनं उसवत चाललीय. मांजर उरलेल्या लोकरीवर मागे मागे पळालं, पण पळणार कुठं? शेवटचा टाकाही सुटला आणि दोघं एकमेकांत गुरफटून धाडकन खाली गेली. पडद्यावर नुसता लोकरीचा गुंता उरला. आखाडाच नाही.

दादा पांढरेफटक पडले. "हे... हे विणलं कोणी?"

आखाडेकर अजून अर्धे उभेच होते. घोटलेलं वाक्य अगदी ओठांवर होतं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"हिनं," ते म्हणाले, आणि वर बोटही दाखवलं.

बायकोनं त्यांच्याकडे फक्त पाहिलं. बरीच वर्षं संसार केलेल्या बाईला नुसतं पाहून जेवढं सांगता येतं, तेवढं सगळं तिनं सांगितलं.

आणि बाई हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. परत लावा म्हणाल्या. परत गच्ची उसवली, त्या परत हसल्या. इतके आखाडे पाहिले, पण पायाखालची जमीनच उसवून टाकणारा आखाडा जन्मात पाहिला नाही, असं म्हणून त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला. गेम पक्का झाला.

"खरं म्हणजे," आखाडेकर पुढं सरसावले, "ती गच्ची मी..."

"आखाडेकर," दादा म्हणाले, "आत्ता सगळ्यांसमोर वहिनींचं नाव तुम्हीच सांगितलंत. आता वाटा मागायला येताय होय?"

सगळे पोट धरून हसले. गेममध्ये त्या आखाड्याचं नाव पडलं "वहिनींचा आखाडा", आणि बाईंनी असेच उसवणारे आणखी तुकडे मागितले. पडदे, गालिचे, होड्या, सगळं.

घरी आल्यावर बायकोनं शांतपणे पाणी दिलं.

"अहो, शेवटी टाके बंद करायचे असतात."

"ते व्हिडिओत नव्हतं."

"होतं. शेवटी होतं." ती समोर बसली. "आता ऐका. असं विणणं मला जमायचं नाही. माझे हात आपोआप टाके बंद करतात. तेव्हा विणायचं तुम्ही."

"आणि नाव?"

"नाव तुम्हीच सांगून आलात ना?"

तेव्हापासून आखाडेकर संध्याकाळी विणत बसतात आणि सकाळी बायको ते घेऊन ऑफिसला जाते. तिला तिथं आता स्वतःचं टेबल आहे, खिडकीजवळचं. आखाडेकरांना अजून खिडकी मिळालेली नाही. पण रोजच्या सरावानं त्यांचा हात मात्र बसत गेला. परवा त्यांनी एक गालिचा विणला. टाके एकसारखे, कडा सरळ, आणि नकळत शेवटही नीट बंद केलेला. बायकोनं टोक धरून ओढलं. गालिचा हललाही नाही. तिनं तो उजेडात धरला, उलटून पाहिला, हात फिरवला.

"किती सुरेख झालाय हो," ती म्हणाली.

आखाडेकरांचे डोळे भरून आले. एवढं ऐकायला किती दिवस जीव जळत होता त्यांचा!

"पण हा चालणार नाही," असं म्हणून तिनं गालिचा त्यांच्या मांडीवर ठेवला. "उसवा, आणि पहिल्यासारखा करा."