बारा किलोचा आजार

स्टोअरकीपरचं मुरगळलेलं मनगट चौथ्याच दिवशी बरं झालं आणि तिथेच पंचाईत झाली. औषधांच्या कंपनीत अकरा वर्षं खोकी चढवून-उतरवून तो पार पिचून गेला होता. हाताची पकड कमी भरली तर कंपनीच्या डॉक्टरीणबाई पंधरा दिवसांची रजा देत. त्याला ती रजा हवी होती. कुठे जायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. नुसतं पडून राहायचं होतं.

हे त्याने बायकोच्या कानावर घातलं, ही पुढची पंचाईत. तिला कुठलंही काम अर्धवट खपत नसे. तिने भावाच्या व्यायामशाळेतून पकड मोजायचं यंत्र मागून आणलं आणि नवऱ्याला तालमीला जुंपलं. हात कडेला सोडा, कोपरात वाकवा, समोर ताठ धरा नाहीतर डोक्यावर न्या. काटा बारा किलोवरच थांबला पाहिजे.

"वर नेला की दहाच होतात गं," तो कुरकुरला.

"मग तिथे थोडा जास्त जोर लावा. हात हलवला की आकडा बदलतोय म्हटल्यावर त्यांना ढोंग वाटणार नाही का? बारा म्हणजे बारा."

आठवडाभर रोज दोन तास हे चाललं. आजाराची तयारी करता करता बिचारा खरंच आजारी पडायच्या बेताला आला. पण काटा हलेनासा झाला.

तपासणीला बाईंनी चारही तऱ्हांनी यंत्र दाबून घेतलं. बारा, बारा, बारा, बारा. त्यांनी यंत्र स्वतः दाबून पाहिलं, मग पुन्हा चारदा मोजलं. तो मनात म्हणाला, भरून पावलो.

"हात हलला की स्नायूंचा ताण बदलतो, जोर आपोआप कमीजास्त होतो," बाई म्हणाल्या. "दुखऱ्या हाताचाही होतो. एकाच आकड्यावर धरायचा तर मेंदूला दर वेळी वेगळा हुकूम सोडावा लागतो. इतका ताबा मी वीस वर्षांत पाहिला नाही."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, मी फार दमलोय हो."

"मीही दमलेय," बाई म्हणाल्या. "तुमची तक्रार करत नाही. दिसलं तेवढंच लिहिते."

'हातावर असाधारण ताबा,' असं त्यांनी लिहिलं. ते वाचून कंपनीचे साहेब हरखले. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या हाताळायला त्यांना असा माणूस मिळत नव्हता. त्याची दुसऱ्या दिवसापासून तिथे नेमणूक झाली, आणि बदली माणूस नसल्यामुळे वर्षभर रजा बंद.

घरी त्याने सगळं सांगितलं. बायकोचे डोळे अभिमानाने भरून आले.

"बघा," ती म्हणाली, "मेहनत कधी वाया जात नाही."

तो नुसता आडवा झाला. बोलायलाही जोर लागतो.