फेरमोजणीवाले डॉक्टर सबनीस

डॉक्टर सबनीस एक विरुद्ध एकसष्ट मतांनी हरले तरी फेरमोजणी मागतात. एखाद्या वर्षी नव्हे, दरवर्षी.

"एकाचे बासष्ट होतील अशी माझी अपेक्षा नाही, अनघा," ते मला म्हणाले होते, "पण प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर."

मी इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे महापालिकेच्या, निवडणूक विभागात नोकरीला आहे. खरी मतं मोजण्याचा पगार घेते. एवढ्या पात्रतेवर आमच्या बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळाने मला कायमची निवडणूक अधिकारी करून टाकलं. वास्तविक मंडळाला निवडणुकीची गरजच नव्हती. अध्यक्ष कोण, हे राजाभाऊंच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीत, चहाबरोबर ठरायचं, आणि राजाभाऊच ठरायचे. मग वार्षिक सभेत ते बिनविरोध निवडून यायचे आणि आम्ही जेवायला बसायचो. चार मराठी माणसं एकत्र येऊन भांडली नाहीत, याचं आम्हाला फार कौतुक होतं.

त्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा अर्ज भरला आणि जेवण पाऊण तास लांबलं. मंडळ हे अजून विसरलेलं नाही.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. हॉस्पिटलमध्ये उभं आयुष्य लोकांना झोपवण्यात गेलं, आणि निवृत्तीनंतरही त्यांनी ते काम सोडलं नाही असं राजाभाऊ म्हणतात. कारण डॉक्टरांचं भाषण. विषय मंडळाचा असो, हॉलच्या भाड्याचा असो, गाडी कॅनडाला जायची. इंग्लंडला येण्याआधी ते तिथल्या गवताळ प्रदेशातल्या एका हॉस्पिटलात एक हिवाळा काढून आले होते. तिथे स्टेशनवर एका म्हाताऱ्याने त्यांच्याशी हात मिळवला. तो म्हातारा म्हणजे देशाचा माजी पंतप्रधान. नाव मी सांगत नाही. इतकी वर्षं ऐकूनही मला ते नीट म्हणता येत नाही. डॉक्टर त्यांना 'थोरले साहेब' म्हणतात.

थोरले साहेब वकील होते आणि हरण्यात वाकबगार होते. लोकसभेला हरले, प्रांताला हरले, नगराध्यक्षपदालाही हरले. शेवटी निवडून आले ते असे, की पंतप्रधान झाले आणि पुढच्याच निवडणुकीत विरोधकांचा धुव्वा उडवला. त्यांनी नागरिकांच्या हक्कांचा कायदा केला. तिथल्या मूळ रहिवाशांना स्वतःची ओळख न सोडता मत देता येऊ लागलं ते त्यांच्याच काळात. त्यांनी देशाचं एक नामांकित लढाऊ विमान तयार होता होता रद्द केलं, त्याबद्दल लोक अजून बोटं मोडतात. पुढे स्वतःच्याच पक्षाने त्यांना खाली ओढलं, तरी म्हातारा मरेपर्यंत खासदार राहिला. स्वतःची अंत्ययात्रासुद्धा त्यांनी आधीच आखून ठेवली होती, रेल्वेने, अर्धा देश ओलांडून.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. मंडळात सगळ्यांनाच आहे. इथे जन्मलेल्या आमच्या मुलांना शिवरायांच्या किल्ल्यांची नावं येत नाहीत, पण कॅनडातलं विमान कोणी रद्द केलं ते विचारा.

दिवाळीच्या जेवणातून बटाटेवडा काढला, तेव्हा डॉक्टर उठून म्हणाले, "राजाभाऊ, हे तुमचं विमान आहे. इतिहास तुम्हाला माफ करणार नाही." राजाभाऊंनी पुढच्या वर्षी वडा परत आणला. डॉक्टरांची एक घटनादुरुस्तीही मंजूर झाली: निवडणूक अधिकाऱ्याला स्वतः मत देता येणार नाही. ती मंजूर झाली कारण तेव्हा दीड वाजला होता आणि आतून मसालेभाताचा वास येत होता.

मालतीकाकू, म्हणजे डॉक्टरांची बायको, या सगळ्यापासून दोन खुर्च्या लांब बसायच्या. डॉक्टर गाडी शिकलेच नाहीत. काकू चालवायच्या, आणि डॉक्टर मागच्या सीटवर मांडीवर फाईल घेऊन बसायचे, पंतप्रधानांसारखे. "ड्रायव्हर आहे मी यांची," काकू सांगायच्या. "आणि मत विचाराल तर राजाभाऊंना. निदान वेळेवर जेवायला तरी घालतात." हॉल हसायचा. काकूंच्या तोंडून डॉक्टरांबद्दल बरा शब्द मी कधी ऐकला नाही. कॅनडाची थंडी त्यांनीच नाकारली, म्हणून ही मंडळी इकडे आली. "तिकडे राहिलो असतो तर हे अजून त्या स्टेशनवर उभे असते," असं त्या म्हणायच्या.

मग मतदान. एकच मत. बायकोसुद्धा देत नाही, म्हणजे ते स्वतःचंच, हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक. त्या चिठ्ठीवर वरच्या बाजूला बारीक अक्षरात 'श्री' लिहिलेलं असायचं. मला वाटायचं, भूलतज्ज्ञ असून हा माणूस भाबडा आहे. मग फेरमोजणी, पुन्हा एकच. मग डॉक्टर टेबलाशी येऊन हात पुढे करायचे, "माझी चिठ्ठी. आर्काइव्हसाठी." ती फाईलमध्ये जायची आणि आम्ही जेवायला.

काकू मागच्या हिवाळ्यात गेल्या. हॉस्पिटलमध्ये पाच दिवस, आणि संपलं.

यंदा डॉक्टर उभे राहणार नाहीत असं मी धरून चालले होते. त्यांचा अर्ज सगळ्यांच्या आधी आला. सभेला मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. ते मागे बसले, फाईल मांडीवर घेऊन.

खजिनदार नेहा इथेच जन्मलेली. ती दारातच म्हणाली, "काका, तुमची भाषण किती मिनिट आहे? कारण फूड थंड होते."

"छोटं आहे," डॉक्टर म्हणाले. कोणी विश्वास ठेवला नाही.

पण छोटंच निघालं. साहेब हरले, पुन्हा हरले, इथपर्यंत नेहमीचं. मग ते म्हणाले, "साहेबांची पहिली बायको लोकांना नावानिशी ओळखायची. साहेब बुजरे होते, मतं तीच मागायची. साहेब पंतप्रधान झाले तेव्हा ती नव्हती." एवढं बोलून ते खाली बसले. हे प्रकरण त्यांनी याआधी कधी सांगितलं नव्हतं.

मी चिठ्ठ्या उघडायला लागले. अठ्ठावन्न होत्या. मला एवढंच हवं होतं, की ते एक मत निघावं, म्हणजे नेहमीसारखं सगळं पार पडेल. राजाभाऊ, राजाभाऊ, राजाभाऊ. शेवटची चिठ्ठी उघडली. राजाभाऊ. 'श्री' कुठेच नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी आजवर खऱ्या निवडणुकीत एका मताचा घोळ केलेला नाही. त्या दिवशी मी उभी राहिले आणि म्हणाले, "राजाभाऊ सत्तावन्न. डॉक्टर सबनीस एक."

डॉक्टर उठले. हॉलने सवयीने सुस्कारा टाकला. मी चिठ्ठ्या पटकन गोळा केल्या, कारण फेरमोजणी झाली असती तर सगळं उघडं पडलं असतं.

"फेरमोजणी नको," डॉक्टर म्हणाले. "राजाभाऊंचं अभिनंदन." चिठ्ठी मागायला ते टेबलाशी आलेच नाहीत. लोक खूश होऊन पानांकडे वळले.

परतताना ते पुढे, माझ्या शेजारी बसले.

"शून्य होतं ना?"

"हो, काका."

"खरा आकडा सांगताना तुझा आवाज असा कापत नाही. पण फेरमोजणी मागितली असती तर तू अडकली असतीस, तुझी नोकरी कौन्सिलची. सभेच्या मिनिट्समध्ये मात्र शून्य लिही. मालतीला लबाडी खपायची नाही."

"म्हणजे तुमचं मत तुम्ही..."

"राजाभाऊंना. दरवर्षी. स्वतःला मत देणं बरं दिसत नाही. आणि माणूस कर्तबगार आहे, वडा परत आणला त्याने."

त्यांनी फाईल उघडली. एकाखाली एक चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, प्रत्येकीवर बारीक 'श्री'. त्या काकूंच्या अक्षरातल्या होत्या हे मला आता दिसलं.

"मग तुम्ही यासाठी उभे राहायचात?"

"पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी मला खरंच वाटलं होतं, निवडून येईन." ते जरा हसले. "घरी ती कधी काही बोलली नाही गं. मीही नाही. आमच्या पिढीत ते नसायचंच. पण वर्षातून एकदा लेखी द्यायची."

घर आलं. उतरताना म्हणाले, "पुढच्या वर्षी उभं राहावं की नाही, कळत नाही."

"उभे राहा," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी मिनिट्स लिहिली. डॉक्टर सबनीस: शून्य, निवडणूक अधिकाऱ्याची चूक. राजाभाऊंचं मत त्यांना परत केलं. आणि खाली माझा राजीनामा जोडला, कारण निवडणूक अधिकाऱ्याला मत नसतं आणि पुढच्या वर्षी मला ते हवं आहे.