बादलीवरचा भाडेकरू

"शनिवारी तुम्ही खाली बेसमेंटमध्ये बसायचं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "दोन ते चार. वर यायचं नाही."

रविकांत मोहोळकर भात कालवत होते. त्यांनी कालवणं थांबवलं नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली की अशा वाक्याचा उरलेला अर्धा भाग न विचारता मिळतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, "शनिवारी तर तो स्काउट येणार ना? राजसला बघायला?"

"म्हणूनच."

राजस हा मोहोळकरांचा एकुलता एक मुलगा. वय वर्षं अठरा, उंची सहा फूट एक इंच, केंब्रिजच्या बेसबॉल क्लबचा पिचर. पिचर म्हणजे आपल्याकडचा बोलरच, फक्त त्याला धावत यायची सोय नाही, जे करायचं ते जागेवरूनच. राजसचा चेंडू ताशी अठ्ठ्याऐंशी मैलांनी जायचा. जुलैत मोठ्या संघांचा ड्राफ्ट असतो, त्यात संघ पाळीपाळीने नवी पोरं उचलतात. त्याआधी त्यांची माणसं गावोगाव हिंडून पोरं हेरतात. त्यांपैकी हॅन्ली नावाच्या एका स्काउटने राजसचे तीन सामने वही घेऊन पाहिले होते आणि आता तो घर बघायला येणार होता. राजसचं नाव वर पाठवायचं की नाही, हे त्यानंतर ठरणार होतं. आठव्या वर्षापासून पोराने दुसरं काही मागितलं नव्हतं. गेला आठवडाभर तो धड जेवतही नव्हता.

यात बेसमेंट आलं ते क्लबच्या कोचमुळे. तो बिचारा सहज बोलून गेला होता. अठ्ठ्याऐंशीवाले पुष्कळ मिळतात, हा पोरगा पंचविशीत केवढा भरेल ते स्काउटला बघायचं असतं, म्हणून घरी आला की तो आधी बापाकडे बघतो. बापाची उंची, बापाचे खांदे. प्रमोदिनीबाईंनी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याकडे स्काउटच्या नजरेने पाहिलं. पाच फूट चार इंच. पोट सुरू झालेलं, केस संपलेले.

"खाण तशी माती म्हणतात," त्या म्हणाल्या. "माती झकास आहे हो. पण खाण बघितली तर तो माणूस दारातूनच परत जाईल."

"मग काय, नवी खाण आणणार?"

"नंदू येतोय वॉनहून."

नंदन हा प्रमोदिनीबाईंचा धाकटा भाऊ, तासाभरावरच्या वॉन शहरातल्या एका वेअरहाउसचा सुपरवायझर. सहा फूट, दाराएवढे खांदे. राजस मामाच्या वळणावर गेला हे सगळे नातेवाईक म्हणतच. रविकांतही म्हणत.

"अगं, पण हे खोटं झालं."

"खोटं कुठे? नंदू बाप आहे असं कोण सांगणारंय? तो नुसता सोफ्यावर मधोमध बसेल. समजायचं ते समोरचा समजेल. आणि तुम्ही तर बोलूच नका. मला बघायला आलात तेव्हा मधल्या खुर्चीवर कोण होतं?"

रविकांत एकदम भाताकडे बघू लागले. मधल्या खुर्चीवर त्यांचा चुलतभाऊ दिलीप होता. पाच फूट अकरा. रविकांतना कडेच्या खुर्चीवर बसवून मोठ्या काकूंनी बजावलं होतं, की मुलीकडची मंडळी जाईपर्यंत उठायचं नाही, पाणी हवं असेल तर मागायचं. मुलाचं नाव सगळ्यांनी सांगितलं, पण त्यातला मुलगा कोणता हे कुणी सांगितलं नाही.

"अंतरपाट खाली आला," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "तर समोर कुणीच नव्हतं. मग मी खाली बघितलं."

लग्नाच्या अल्बममध्येही रविकांत प्रत्येक फोटोत खुर्चीवर बसलेले आहेत. पुढे तीच सवय लागली. कॅमेरा दिसला की ते आधी बुड टेकायला जागा शोधत. तेव्हा भांडण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की करायचं ते त्यांनी केलं, म्हणजे ताक मागितलं.

राजसला हा बेत कळला तेव्हा तो म्हणाला, "धिस इज सो वीअर्ड, मॉम." पण वीअर्ड असलं तरी चालेल, फक्त स्काउट परत जायला नको, असंही त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. रविकांतनी ते वाचलं आणि म्हणाले, "असू दे रे. खाली बसून मी लाँड्री करतो."

शनिवारी प्रमोदिनीबाईंनी सकाळपासून घर आवरलं. मागच्या अंगणात बेसमेंटच्या खिडकीसमोर एक मळका प्लायवूडचा फळा उभा असे आणि त्याच्यापुढे रंगाची पालथी बादली. दहा वर्षं रविकांत कार प्लांटमधली शिफ्ट संपवून यायचे आणि हातात मोठा मिट, म्हणजे झेलायचा चामडी मोजा, घालून त्या बादलीवर बसायचे. साठ फूट सहा इंचांवरून राजस चेंडू टाकायचा आणि हे झेलायचे. हिवाळ्यात आधी बर्फ शोव्हल करायचं, मग बादली. एका अंगठ्याचं नख गेलं ते आलंच नाही. प्रमोदिनीबाईंना बादली हलवायचा धीर झाला नाही, पण तो फळा पाहुण्यांसमोर फार बकाल दिसत होता, म्हणून त्यांनी तो उचलून गराजमध्ये ठेवला.

नंदन इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी आला.

"ताई, एक सांगून ठेवतो. मी खोटं बोलणार नाही हं. विचारेल त्याचं खरंखरं उत्तर देणार."

"तेच पाहिजे मला," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. या वाक्याचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला.

हॅन्लीसाहेब साठीचे, सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ होते. जे बोलले ते इंग्रजीत, पण मतलब सांगतो. आत शिरताच त्यांची नजर सोफ्यावर मधोमध बसलेल्या नंदनवर गेली. ती डोक्यापासून खांद्यांपर्यंत आली, खांद्यांवर जरा रेंगाळली आणि साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. लिहिताना मान हलवली. प्रमोदिनीबाईंना नोकरी लागल्यासारखा आनंद झाला.

"सगळ्यांनाच विचारावे लागतात असे काही प्रश्न आहेत," साहेब नंदनकडे वळून म्हणाले. "घरच्या तब्येतीबद्दल. तुम्हाला पाठीचा काही त्रास?"

नंदनचा चेहरा उजळला. त्याला तब्येतीबद्दल आजवर कुणी आपणहून विचारलं नव्हतं.

"पाठ? स्लिप डिस्क. एल फोर, एल फाइव्ह. दोनदा."

"गुडघे?"

"डावा गेलाय. उजवा जायच्या वाटेवर आहे."

"डायबिटीस?"

"चौतिसाव्या वर्षापासून."

"नंदू, लाडू घे," प्रमोदिनीबाई मराठीत म्हणाल्या. तोंड बंद करायला तेवढंच हाताशी होतं. नंदनने लाडू घेतला. साहेबांनी लाडवाकडे पाहिलं, डायबिटीसकडे पाहिलं, आणि आणखी एक ओळ लिहिली.

"आणि खांदा?" साहेबांनी विचारलं. पिचरच्या घरी हा प्रश्न पत्रिकेतल्या मंगळासारखा असतो.

"फ्रोझन शोल्डर," नंदन लाडवातून म्हणाला. "आधी हा. तो बरा झाला तेव्हा हा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. राजसचा चेहरा पांढरा पडला. अठ्ठ्याऐंशी मैलांचा हात घेऊन तो तिथे बसला होता आणि त्याच्या खांद्यावर मामाचे दोन खांदे येऊन बसले होते.

खरं म्हणजे साहेब इथेच उठायचे. पण माणूस नेकीचा असावा. ते म्हणाले, "आलोच आहे तर चार चेंडू बघून जातो. घरी तुझा सराव कोण घेतं?"

"माय डॅड," राजस म्हणाला. या प्रश्नाचं दुसरं उत्तर त्याला कधी द्यावंच लागलं नव्हतं. जीभ चावायच्या आधी ते बाहेर पडलं.

"उत्तम," साहेब नंदनला म्हणाले. "चला मग."

नंदनने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने आकाशाकडे पाहिलं. पाचच मिनिटांत नंदन इस्त्रीच्या शर्टावर मिट चढवून बादलीवर बसला होता. बादली दहा वर्षं पाच फूट चार इंचांच्या सवयीची होती, ती करकरली. राजसने समोरून खूण केली, टाकू का? नंदनला ती खूण नमस्काराची वाटली. त्यानेही हात वर केला.

चेंडू सुटला. चेंडू झेलण्याचे अनेक प्रकार आहेत. नंदनने निवडलेल्या प्रकारात झेलणारा बादलीवरून डावीकडे आडवा होतो आणि चेंडू सरळ जातो. मागे फळा नव्हता. बेसमेंटच्या खिडकीची काच खळकन फुटली.

"दाजी!" नंदन जमिनीवरून ओरडला.

आत रविकांत धुतलेले कपडे घडी करत त्याच खिडकीतून चोरून बघत होते. काचा टॉवेलांवर पडल्या, चेंडू तांदळाच्या पोत्यावर. कुणाला काही लागलं नाही. ते चेंडू उचलून चपला घालून बाजूच्या दाराने बाहेर आले. साहेब समोरच उभे. रविकांतनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा राजसकडे. आणि मग, पोराचं काम बिघडू नये म्हणून, स्वतःहून म्हणाले, "आय ॲम टेनंट. बेसमेंट. सॉरी फॉर विंडो."

प्रमोदिनीबाईंनी हे त्यांना शिकवलं नव्हतं.

रविकांतनी राजसला चेंडू परत दिला. म्हणजे जिथे उभे होते तिथून, साठ-सत्तर फुटांवर, सहज मनगट झटकून. चेंडू ना उंच गेला ना खाली पडला. दोरीवरून गेल्यासारखा गेला आणि राजसच्या ग्लव्हमध्ये फटकन वाजला.

साहेबांनी मिटलेली वही उघडली. "पुन्हा टाका."

"मी?"

"तुम्हीच."

साहेबांनी बॅगेतून वेग मोजायची बंदूक काढली. रविकांतनी चपला काढल्या आणि पुन्हा टाकला. बहात्तर मैल.

"हे कुठे शिकलात?"

"मंगळवेढ्याला," रविकांत म्हणाले. मग साहेबांना समजेल असं सांगितलं. घरची ज्वारी होती. कणसं भरली की पाखरं पडायची. मोठा भाऊ गोफण घ्यायचा, धाकट्याला गोफण मिळायची नाही, मग तो हाताने खडे मारायचा. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. आठ वर्षं.

साहेब रविकांतचं कोपर बघत होते. मग त्यांनी राजसचं बघितलं. राजसला एक चेंडू टाकायला लावला, रविकांतना एक. तोच कोपराचा कोन, तसंच शेवटी मनगट उलटं वळणं. सव्वीस वर्षं साहेबांनी दुसरं काही केलं नव्हतं. हात बघून घराणं ओळखायचं हेच त्यांचं काम.

"या घरात किती वर्षं राहताय?" त्यांनी रविकांतना हळूच विचारलं.

"एकोणीस," टेनंट म्हणाला.

साहेबांनी राजसचं वय आठवलं. अठरा. त्यांनी नंदनकडे पाहिलं, तो गवतातून उठायचा प्रयत्न करत होता. मग त्यांनी टोपी काढली आणि प्रमोदिनीबाईंना बाजूला घेऊन अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, कुटुंबाच्या खासगी गोष्टींत आमचा संघ पडत नाही. पण तब्येतीची माहिती मला खऱ्या वडिलांची लिहावी लागेल. तुमच्या मिस्टरांना कळणार नाही, याची काळजी मी घेईन."

प्रमोदिनीबाईंना अर्थ लागायला दोन क्षण लागले. लागला तेव्हा त्या अशा लाल झाल्या, की बार्शीचं माहेर, केंब्रिजचं महाराष्ट्र मंडळ आणि हळदीकुंकवाची पूर्ण यादी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली.

"नो! नो, नो! अहो, सांगा ना यांना!"

पण सांगितलं राजसने. तो साठ फूट चालत आला आणि रविकांतच्या शेजारी उभा राहिला.

"ही इज माय डॅड," तो म्हणाला. "दॅट्स माय अंकल. माझे सगळे चेंडू यांनीच झेललेत. एव्हरी सिंगल वन." मग रविकांतकडे वळून मराठीत म्हणाला, "सॉरी, बाबा."

"त्यात काय," रविकांत म्हणाले आणि काढून ठेवलेल्या चपला शोधू लागले.

मग प्रमोदिनीबाईंनी सगळं सांगितलं. कोच, खाण, माती, मधली खुर्ची, दिलीप, अंतरपाट. साहेब शेवटपर्यंत हसले नाहीत. त्यांनी नंदनच्या तब्येतीच्या पानावर आडवी रेघ मारली आणि नवं पान घेतलं.

"पाठ?"

"नाही," रविकांत म्हणाले.

"गुडघे? डायबिटीस?"

"नाही. नाही."

"खांदा?"

रविकांतनी खांद्याकडे पाहिलं, जणू असं काही आपल्याला आहे हे त्यांना आत्ताच कळत होतं. "कधी दुखला नाही."

"उंची?"

"पाच चार," रविकांत म्हणाले.

साहेबांनी तेही लिहिलं. "उंची मुलाने मामाकडून घेतली आहे," ते म्हणाले. "बाकी काही घेतलेलं नाही, हे बरं झालं. मी नाव वर पाठवतोय. पुढचं माझ्या हातात नाही." राजस मटकन बादलीवर बसला. नंदन म्हणाला की काच तो बदलून देईल, पण वाकायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं.

जाण्याआधी साहेबांनी फोन बाहेर काढला. फाइलला फोटो लागतो. वडील आणि मुलगा, शेजारी शेजारी. फोन दिसताच रविकांतनी सवयीने इकडेतिकडे पाहिलं आणि राजस जिच्यावरून नुकताच उठला होता त्या बादलीकडे निघाले.

"अहो," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. चोवीस वर्षांत त्यांचा आवाज इतका हळू कधी झाला नव्हता. "बसू नका. उभे राहा."

रविकांत उभे राहिले. ते राजसच्या खांद्याशी आले. ते बघून राजसने गुडघे वाकवले आणि मान खाली घातली. तेवढ्यात त्याच्या पाठीत एक धपाटा बसला.

"सरळ उभा राहा, गाढवा," रविकांत कॅमेऱ्याकडे बघत पुटपुटले. "ते उंची लिहितायत."